योगासनांचा वर्ग आणि देहाचा संकोच

विद्यार्जनासाठीं जसा शाळेंतील वर्ग, तसा देह सुदृढ होण्यासाठीं व्यायामाचा वर्ग अवश्य आहे, हें तत्त्व आतां सर्वांस मान्य झालें आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१४ सालच्या डिसेंबर महिन्यांत २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून ठरविला व २०१५ सालापासून तो पाळला जाऊं लागला. तेव्हांपासून त्या दिवशीं शाळांच्या पटांगणांतून सतरंज्यांच्या रांगा दिसतात, आणि पुष्कळ शाळांनीं आठवड्यांतील एक-दोन तासहि योगासनांकडे लाविले आहेत. ही गोष्ट स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु या तासाच्या वेळींच कांहीं विद्यार्थ्यांचें पोट नेमकें दुखूं लागतें, कोणाची चटई घरीं राहते, कोणी घरून चिठ्ठी आणतो, आणि कोणी हजर राहूनहि भिंतीच्या कडेस, सर्वांच्या मागें, अंग चोरून उभा राहतो. अशा मुलांस आळशी म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें त्यांतील बहुतेक आळशी नसतात. त्यांस आपल्या देहाची लाज वाटत असते. ही लाज कशानें उत्पन्न होते, योगासनांच्या वर्गानें ती कशी जाऊं शकते, आणि त्याच वर्गानें ती कशी वाढूंहि शकते, याचा थोडा विचार विद्यार्थी व पालक या दोघांपुढें मांडण्याचा येथें उद्देश आहे.

ही लाज नानाविध असते. स्थूल मुलास वाटतें कीं, पुढें वांकतांना आपलें पोट आड येईल व मागचीं मुलें हंसतील. कृश मुलास वाटतें कीं, सदरा वर सरकला तर बरगड्या मोजतां येतील. कोणाच्या अंगावर कोडाचे डाग असतात, कोणाचा एक पाय आंखूड असतो, आणि कोणाच्या मोज्यास भोंक पडलेलें असतें व बूट काढण्याची आज्ञा होतांच त्याच्या अंगावर कांटा उभा राहतो. वयांत येणाऱ्या मुलींस तर आपलें शरीर वर्षभरांत इतकें पालटलेलें दिसतें कीं, त्यांचें त्यांनाच तें अनोळखी वाटूं लागतें. वर्गांत धीटपणें उत्तरें देणारी, वक्तृत्वांत बक्षीस मिळविणारी मुलगीहि येथें येऊन मुकी होते. गणितांत पडलेले गुण एक वेळ झांकून ठेवतां येतात. देह कोठें ठेवावा?

वास्तविक या वयांत देह अवघडल्यासारखा वाटणें हा निसर्गक्रम आहे. मुलींची उंची साधारणतः अकरा-बारा वर्षांच्या सुमारास व मुलांची तेरा-चौदा वर्षांच्या सुमारास सर्वांत झपाट्यानें वाढते. ऐन भरांत ही वाढ एका वर्षांत ८ ते ९ सेंटिमीटर, म्हणजे तीन इंचांहून अधिक, असूं शकते. हात-पाय आधीं लांब होतात व धड मागाहून वाढतें. म्हणून या वयाचा मुलगा चालतांना उंबऱ्यास अडखळतो, त्याच्या हातून पेला सुटतो, आणि दोन वर्षांपूर्वीं पायाच्या अंगठ्यास सहज लागणारे हात आतां घोट्यापाशींच थांबतात. मुलींच्या अंगीं या काळांत मेद वाढतो, तोहि सृष्टिनियमानेंच. शिवाय सर्वांच्या हाडांची घडण सारखी नसते. मांडीच्या हाडाचा गोळा कटीच्या ज्या खोबणींत बसतो, ती खोबण कोणाची उथळ असते, कोणाची खोल असते. त्यामुळें एकास पद्मासन पहिल्याच दिवशीं साधतें, दुसऱ्यास वर्षभर अभ्यास करूनहि साधत नाहीं; यांत पहिल्याचा पराक्रम नाहीं व दुसऱ्याचा अपराधहि नाहीं. जाणत्या शिक्षकानें ही एवढी गोष्ट वर्षारंभीं मुलांस समजावून सांगितली, तर निम्मा संकोच त्याच दिवशीं दूर होईल.

आतां योगशास्त्रास देहाकडून काय अपेक्षित आहे तें पाहूं. पतंजलीच्या योगसूत्रांची संख्या दोनशेंच्या आंतच आहे, आणि त्यांपैकीं आसनासंबंधीं अवघीं तीन सूत्रें आहेत. आसन स्थिर व सुखकर असावें, प्रयत्नाचा ताण शिथिल व्हावा, आणि शीतोष्णादि द्वंद्वांनीं साधकास पीडा होऊं नये, एवढाच त्यांचा आशय. आसन करणारा कसा दिसावा, याविषयीं तेथें एक अक्षरहि नाहीं. पुढें हठयोगप्रदीपिकेंत पंधरा व घेरंडसंहितेंत बत्तीस आसनें वर्णिलीं गेलीं, आणि आज तर त्यांची संख्या शेंकडोंवर गेली आहे. परंतु संख्या वाढली म्हणून मूळ कसोटी बदलली नाहीं. स्थिर आहे काय? सुखकर आहे काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्याचीं त्यासच ठाऊक असतात. शेजाऱ्यास तीं बाहेरून दिसत नाहींत, आणि छायाचित्रांत तर मुळींच उतरत नाहींत.

पूर्वीं हा अभ्यास गुरूच्या सान्निध्यांत, बहुधा एकांतांत, चालत असे. पुष्कळांनीं एकत्र बसून योगाभ्यास करण्याची रीति गेल्या शंभर वर्षांत रुळली, आणि तिच्या प्रसारांत आपल्या महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. १९१८ सालीं श्रीयोगेंद्र यांनीं मुंबईनजीक वर्सोवा येथें योगसंस्था स्थापिली. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं लोणावळें येथें कैवल्यधाम स्थापून आसनांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांच्या साह्यानें तपासण्यास आरंभ केला. औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. श्रीयोगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांनीं खास स्त्रियांसाठीं योगाच्या व्यायामाचें पुस्तक लिहिलें. या सर्वांच्या कार्यांत एक समान सूत्र दिसून येतें: जो अभ्यास विरक्तांचा समजला जात असे, तो त्यांनीं संसारी माणसांच्या, रोग्यांच्या, गृहिणींच्या व शाळकरी मुलांच्या, म्हणजे अगदीं सामान्य देहांच्या आवांक्यांत आणिला.

याचें ठळक उदाहरण बी. के. एस. अय्यंगार यांचें होय. त्यांचा जन्म १९१८ सालीं, इन्फ्लुएंझाच्या सांथींत झाला, आणि बालपण हिंवताप, विषमज्वर व क्षय यांच्या तडाख्यांत गेलें. हातापायांच्या काड्या झालेला हा मुलगा १९३४ सालीं म्हैसुरास आपले मेहुणे कृष्णम्माचार्य यांजकडे गेला, तेथें आसनें शिकला, आणि १९३७ सालीं पुण्यास शिकविण्यासाठीं आला तो कायमचा पुणेंकर झाला. पुढें जगभर कीर्ति मिळाल्यावरहि त्यांची एक विशेष देणगी म्हणून जी सांगितली जाते, ती त्यांच्या स्वतःच्या देहाची लवचिकता नव्हे. पट्टे, लांकडी विटा, दोर व खुर्च्या यांचा आधार देऊन म्हाताऱ्यास, रोग्यास, ताठर सांध्यांच्या माणसासहि आसन करतां यावें अशी त्यांनीं योजना केली, ही ती देणगी होय. आसनासाठीं देह मोडावयाचा नाहीं, तर देहास सोसेल असें आसन योजावयाचें, हा त्यांतील बोध प्रत्येक शाळेनें घ्यावा असा आहे.

लाजेपासून होणारें नुकसान लोक समजतात त्याहून मोठें आहे. अमेरिकेंतील बार्बरा फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं तरुणींस एकेकटीनें खोलींत पाठवून, आरशापुढें कोणास पोहण्याचा पोशाख तर कोणास लोकरी स्वेटर घालावयास सांगितला, आणि त्याच खोलींत गणिताचीं उदाहरणें सोडवावयास दिलीं. पोहण्याचा पोशाख घातलेल्या तरुणींचें गणित दुसऱ्यांहून वाईट झालें. खोलींत त्यांस पाहणारें दुसरें कोणी नव्हतें. आपण कशा दिसतों या विचारानेंच त्यांच्या बुद्धीचा कांहीं भाग अडवून ठेविला होता. जी मुलगी वर्गांत बसून दिवसभर ओढणी सांवरते, जो मुलगा फळ्यापुढें जाण्यास उठतांना आधीं सदरा खालीं ओढतो, त्यांचें किती अवधान अशा रीतीनें रोज वायां जात असेल, याचा पालकांनीं विचार करावा.

यावर योगासनांचा वर्ग हा एक चांगला उपाय आहे, आणि त्याचें कारण साधें आहे. ज्याचें लक्ष आपल्या श्वासावर व तळपायावर आहे, त्यास आपण कसे दिसतों हें आठवण्यास सवड राहत नाहीं. वृक्षासनांत एका पायावर उभें राहून समोरच्या एका बिंदूवर दृष्टि ठेवावी लागते. शेजाऱ्याकडे पाहतांच तोल जातो. याहून चांगली शिकवण शब्दांनीं कोण देईल? हळूहळू मुलास कळूं लागतें कीं, देह ही केवळ पाहण्याची वस्तु नसून काम करणारी, तोल सांवरणारी, श्वास घेणारी वस्तु आहे. काल पांच श्वासांपर्यंत उभें राहतां येत होतें, आज आठांपर्यंत आलें, हा आनंद आरशांत दिसत नाहीं, पण त्यानें मान ताठ होते.

कोणी विचारील कीं, हें सर्व घरीं एकट्यानें, मोबाईलवरील चित्र पाहून करतां येणार नाहीं काय? करतां येईल, परंतु त्यानें लाज जाणार नाहीं, फार तर लपेल. शिवाय मोबाईलच्या पडद्यावर निवडक देह, निवडक प्रकाशांत, निवडक क्षणीं दिसतात, आणि तेच सर्वसाधारण आहेत असा भ्रम होतो. वर्गांत मात्र खरे देह दिसतात. दांडग्या खेळाडूचे पाय ताडासनांत थरथरतात. नाजूक मुलगी भुजंगासनांत सहज छाती उचलते. स्थूल मुलगा एका पायावर सर्वांहून स्थिर उभा राहतो. स्वतः शिक्षकाचा गुडघा कटकन् वाजतो. आणि शेवटीं शवासनांत सर्वजण डोळे मिटून आपापल्या चटईवर निजतात, तेव्हां पहिल्या रांगेंतला व शेवटच्या रांगेंतला असा भेद राहत नाहीं. चाळीस मुलांत आपल्यासारखाच प्रत्येकजण कोठें ना कोठें अडतो आहे, हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून खरें वाटत नाहीं. समुदायाचा खरा लाभ तो हाच.

परंतु हा लाभ आपोआप होत नाहीं. वर्ग म्हणजे जर प्रदर्शन झालें, तर तोच वर्ग लाजेची शाळा बनतो. स्नेहसंमेलन किंवा योगदिन जवळ आला कीं, लवचिक मुलांस पुढें व जाड, आंखूड, लंगड्या मुलांस मागें किंवा "सतरंज्या उचलण्यासाठीं" बाजूस ठेवण्याचा प्रकार पुष्कळ ठिकाणीं चालतो. पाहुण्यांस मनोरे आवडतात, छायाचित्रें चांगलीं येतात. पण बाजूस ठेविलेल्या मुलाच्या मनावर काय कोरलें जातें, तें कोणत्याहि छायाचित्रांत येत नाहीं. ज्याला अभ्यासाची गरज अधिक, त्यालाच दूर सारणें ही गोष्ट इतर कोणत्याहि विषयांत आपण सहन केली असती काय? वाचतां न येणाऱ्या मुलास वाचनाच्या तासास बांकें पुसावयास लावणाऱ्या शाळेस आपण शाळा म्हटलें असतें काय?

यावर आक्षेप येईल कीं, चुरस नसेल तर प्रगति कशी होणार? केंद्र शासनानें २०२० सालीं योगासनांस स्पर्धेच्या खेळाचा दर्जा दिला आहे, हें खरें. ज्यांस त्या स्पर्धांची हौस व योग्यता आहे त्यांनीं अवश्य उतरावें; त्यांचे कष्टहि थोडे नसतात. परंतु निवडक खेळाडूंचा सराव वेगळा आणि सर्वांसाठीं असलेला तास वेगळा. क्रिकेटचा संघ निवडला म्हणून बाकीच्या मुलांनीं धांवूं नये असें कोणी म्हणत नाहीं. सर्वांच्या तासांत तुलना असावी ती ज्याची त्याच्या कालच्या देहाशीं. त्यासाठीं एक लहानशी वही पुरे: अमुक तारखेस वृक्षासनांत इतके श्वास, तमुक तारखेस इतके. ही वही शिक्षकाखेरीज कोणास दाखविण्याचें कारण नाहीं.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्या मंडळींचा असतो. देहाचें एवढें कौतुक केल्यानें मुलांत अहंता वाढेल, असें त्यांस भय वाटतें. तें भय अनाठायीं आहे. देहाचा गर्व करणारा आणि देहाची लाज बाळगणारा हे दोघेहि दिवसभर देहाचेंच चिंतन करीत असतात. एक आरशाकडे धांवतो, दुसरा आरशापासून पळतो, एवढाच फरक. ज्याला आपला देह विसरून कामांत गढून जातां येतें, तोच देहाविषयीं खरा निःशंक. योगासनांच्या वर्गानें साधावयाची ती ही विस्मृति, शृंगार नव्हे.

येथें आणखी एका भ्रमाचा उल्लेख अवश्य आहे. "आसनें कर, म्हणजे बारीक होशील" असें सांगून मुलास या वर्गांत धाडूं नये. संथ आसनांनीं वजन फारसें उतरत नाहीं. तसें सांगितल्यास महिन्याभरांत मुलाची निराशा होते व तो वर्ग सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितल्याप्रमाणें ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं दररोज सरासरी ६० मिनिटें तरी दम लागेल अशी हालचाल करावी. आठवड्यांतील दोन तासांच्या आसनांनीं ती गरज भागत नाहीं. धांवणें, पोहणें, खो-खो, लंगडी हीं हवींतच. परंतु ज्यास मैदानावर जाण्याचीच लाज वाटते, त्याच्यासाठीं हा वर्ग मैदानाचा उंबरठा होऊं शकतो.

म्हणून शिक्षकबंधूंस व भगिनींस विनंति अशी कीं, त्यांनीं कांहीं गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. कोणाच्याहि देहाविषयीं, थट्टेनेंहि, शब्द काढूं नये. "हत्ती", "काडी", "ढब्बू" हीं नांवें एका तासांत पडतात व जन्मभर चिकटतात. विद्यार्थ्यास विचारल्यावांचून त्याच्या अंगास हात लावूं नये, आणि पाठीवर भार देऊन त्यास बळेंच वांकवूं तर कधींच नये. त्यानें स्नायु दुखावतात व विश्वासहि दुखावतो. अंगभर, सैल व साधा पोशाख सर्वांस असावा. मुलींस पाळीच्या दिवसांत किंवा कोणासहि आजारपणांत, कारण न विचारतां, नुसतें बसून श्वासाचा अभ्यास करण्याची मोकळीक असावी. रांगा दर आठवड्यास बदलाव्या, म्हणजे शेवटची रांग कोणाची मिरास होणार नाहीं. आणि वर्ग चालू असतां छायाचित्रें घेऊं नयेत.

सुज्ञ पालकांस एवढेंच सांगावयाचें कीं, ही लाज पुष्कळदां घरांतूनच शाळेंत येते. जेवतांना "आणखी किती खाशील?", पाहुण्यांसमोर "हिचा रंग कोणावर गेला कोण जाणे", "चुलतभावाकडे बघ, कसा सडपातळ आहे," हीं वाक्यें आपण सहज बोलून विसरतों, मूल विसरत नाहीं. जी आई स्वतःच्या देहास रोज नांवें ठेवते, तिची मुलगी न सांगतां तीच विद्या शिकते. मुलाच्या आरोग्याची खरोखर चिंता असेल तर वैद्यास दाखवावें, ताटांतील अन्न सर्व घरासाठींच सुधारावें, आणि शक्य तर सकाळीं त्याच्या शेजारीं आपलीहि चटई अंथरावी. वडिलांचे हात पायांच्या अंगठ्यांस लागत नाहींत हें पाहून मुलास जो धीर येतो, तो दहा उपदेशांनीं येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आतां तुमच्याशीं दोन शब्द. देह आधीं पाहण्याजोगा करूं व मग वर्गास जाऊं, असा विचार करूं नका. पोहतां आल्यावर पाण्यांत उतरेन म्हणणाऱ्यासारखें तें होईल. आहे तो देह घेऊन या. गुडघा वांकत नसेल तर वांकेल तेवढाच वांकवा. चटईवर बसवत नसेल तर खुर्चीवर बसा. दुखलें तर थांबा व तसें स्पष्ट सांगा. शेजारच्याचा तोल गेला तर हंसूं नका, आणि तुमच्या हंसण्यानें उद्यां कोणी वर्ग चुकविणार असेल तर ती गैरहजेरी तुमच्याहि नांवावर मांडली जाईल हें ध्यानांत ठेवा. तुमच्यांतील जे लवचिक आहेत त्यांनीं, नवीन मुलगा वर्गांत आला कीं, पुढें मिरवण्याऐवजीं त्याच्या बाजूस चटई टाकावी. याच पायांनीं पुढें तुम्हांस कामधंद्यासाठीं गांवोगांव फिरावयाचें आहे आणि याच हातांनीं पोट भरून दुसऱ्यासहि आधार द्यावयाचा आहे. ज्यांच्याकडून जन्मभर एवढें काम घ्यावयाचें, त्या हातापायांची लाज बाळगणें हा त्यांच्यावर अन्याय आहे. येत्या सत्रांत योगासनांच्या तासाची घंटा होईल तेव्हां कोणाचेंहि पोट लाजेनें दुखूं नये, इतका चांगुलपणा आपण एकमेकांस खास दाखवूं शकूं.